अमेरिकेला दत्तक जाणाऱ्या मुलाची व्हिसा मेडिकल: सांगली-साताऱ्यातून करायची असेल तर

आमचे धाकटे भाऊजी आणि जाऊबाई न्यू जर्सीला असतात, त्यांनी इकडच्याच भागातली एक मुलगी दत्तक घेतली. ते तिकडं आणि मी सांगलीत, त्यामुळं इथली बरीचशी पळापळ माझ्याकडं आली. तेव्हापासून ओळखीतनं आणि ओळखीच्या ओळखीतनं मेडिकलबद्दल विचारणारे फोन येत असतात, प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. हे सगळं अमेरिकेच्या व्हिसाबद्दल आहे, बाकीच्या देशांचं पुढं थोडं सांगितलंय.

आधी एक डोक्यात पक्कं करा. व्हिसा मेडिकल म्हणजे मुलाचं फुल बॉडी चेकअप नव्हे. अमेरिकन सरकारला त्यात मुख्यतः एवढंच बघायचं असतं की हे मूल टीबीसारखा पसरणारा आजार घेऊन येत नाही ना, आणि लसींचं कायद्यात बसतंय ना. मुलाला रक्त कमी आहे का, ऐकू नीट येतंय का, पोटात जंत आहेत का, हे तिथं कुणी खोलात जाऊन बघत नाही. त्यामुळं मेडिकल क्लिअर झाली म्हणजे मूल ठणठणीत असं समजू नका, आणि मेडिकलमध्ये काहीतरी लिहून आलं म्हणजे आता व्हिसा गेला असंही समजू नका. घरच्यांचं निम्मं टेन्शन या दोन गैरसमजातनंच येतं.

आता आमच्याकडचा ठरलेला प्रश्न. मिरजेत एवढी हॉस्पिटलं, वॉन्लेस तर १८९४ सालचं, अख्ख्या कर्नाटकातनं पेशंट येतात, मग एका लहान पोराच्या तपासणीला मुंबई कशाला गाठायची? गाठायची, कारण ही तपासणी फक्त पॅनेल फिजिशियनच करू शकतो, म्हणजे अमेरिकन वकिलातीनं नेमून दिलेले ठराविक डॉक्टर. ते मोठ्या शहरांत आहेत, मुंबईत आहेत, दिल्लीत आहेत, सांगली-साताऱ्यात नाहीत. सिव्हिल सर्जनचं सर्टिफिकेट, ओळखीच्या एमडी डॉक्टरांचं लेटरहेड, यातलं काहीही त्याच्या जागी चालत नाही. यादी अमेरिकन एम्बसीच्या वेबसाईटवर असते आणि ती अधूनमधून बदलते, त्यामुळं कुणाच्या जुन्या फॉरवर्डवर विसंबू नका, अपॉइंटमेंट घेताना त्या दिवशीची यादी बघा. आणि एजंटच्या नादी तर अजिबात लागू नका, "मी लवकर नंबर लावून देतो" म्हणणारे भेटतात, नंबर फोनवर किंवा ऑनलाईन आपला आपल्याला लागतो.

मुंबई की दिल्ली हा पुढचा प्रश्न. दत्तक मुलांच्या इमिग्रंट व्हिसाचं काम भारतात नवी दिल्लीच्या एम्बसीतनं चालतं, चाणक्यपुरीला, त्यामुळं इंटरव्ह्यूला दिल्ली चुकत नाही. पण मेडिकल दिल्लीतच करायची असं नाही, यादीतला मुंबईचा डॉक्टर पण चालतो, फक्त फोन करून स्पष्ट विचारायचं की केस दिल्लीची आहे, दत्तक मुलाची आहे, रिपोर्ट तुम्ही तिकडं पाठवता का आणि किती दिवसांत. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्यांनी मुंबईच धरावी. कारण टीबीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर एक्सरेला, आणि नशीब अगदीच आडवं आलं तर थुंकीच्या तपासणीला परत परत जावं लागतं, आणि सांगलीतनं दिल्लीला लहान मूल घेऊन असल्या चकरा मारणं हा खेळ नाही. उलट आईवडील मोजक्या सुट्टीवर आलेत आणि कसंही करून त्यांना दिल्लीत थांबायचंच आहे, तर मग तिथंच उरकलेलं बरं.

कधी करायची याबद्दल लोक फार घाई करतात. भारत परदेशी दत्तकाबद्दलच्या हेग कराराचा देश आहे, आपल्याकडं तो २००३ पासून लागू आहे आणि अमेरिकेत १ एप्रिल २००८ पासून, त्यामुळं पायऱ्यांचा क्रम ठरलेला असतो आणि तो उलटासुलटा करून चालत नाही. आईवडिलांचा आय-८००ए (ते दत्तक घ्यायला पात्र आहेत याचा अमेरिकन अर्ज) मंजूर, मग कारामार्फत (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) मुलाची माहिती येणार, त्यांनी होकार दिला की आय-८०० ची (त्या ठराविक मुलासाठीच्या अर्जाची) तात्पुरती मंजुरी, एम्बसीचं आर्टिकल ५ चं पत्र (आईवडील पात्र आहेत आणि मुलाला अमेरिकेत येऊ देतील असं कळवणारं), मग काराची एनओसी, मग दत्तकाचा आदेश, मग पासपोर्ट आणि दत्तक हेग कराराप्रमाणं झालंय असं सांगणारं काराचं कन्फर्मिटी सर्टिफिकेट. आर्टिकल ५ च्या पत्राआधी दत्तकाचा आदेश करून घ्यायला कुणी सुचवलं तर ऐकू नका, त्यानं पुढं व्हिसाच अडकतो. मेडिकल या रांगेत शेवटाकडं येते, पासपोर्ट हातात आल्यावर, कारण क्लिनिकमध्ये ओळख पासपोर्टवरनं बघतात. सांगली, सातारा दोन्ही जिल्हे पुण्याच्या पासपोर्ट ऑफिसखाली येतात.

उशिरा करायची असं मी म्हणते त्याला अजून एक कारण आहे. मेडिकल साधारण सहा महिने चालते, टीबीच्या काही कॅटेगरीत तीनच महिने, आणि व्हिसाची मुदत मेडिकलच्या मुदतीपलीकडं देत नाहीत. म्हणजे लवकर उरकून ठेवू म्हणून आधीच करून बसलात आणि पुढचा एखादा कागद लांबला, तर परत फी, परत सुई, परत मुंबई. त्याच वेळी इंटरव्ह्यूच्या अगदी आदल्या दिवशीपण ठेवू नका, रक्ताच्या रिपोर्टला वेळ लागतो. मधे आठवडाभर तरी मोकळा ठेवा.

आता टीबी. जरा सविस्तर सांगते, कारण खरी मेडिकल म्हणजे हीच.

दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर साधारण फक्त अंगतपासणी आणि माहिती विचारणं एवढंच, टीबीची टेस्ट करत नाहीत, जोपर्यंत काही लक्षण दिसत नाही किंवा टीबीच्या पेशंटशी संपर्क आला होता असं कळत नाही. दोन ते चौदा वर्षं असेल तर इग्रा नावाची रक्ताची टेस्ट. पंधरा आणि पुढं असेल तर थेट छातीचा एक्सरे. ज्या देशात टीबीचं प्रमाण वर्षाला लाखामागं २० किंवा जास्त आहे तिथल्या मुलांना ही इग्रा लागते आणि आपला देश त्या आकड्याच्या कितीतरी पट वर आहे, त्यामुळं सूट मिळायचा विषयच नाही. वय तपासणीच्या दिवशीचं धरतात. दत्तक देणाऱ्या संस्थेतल्या मुलांच्या बाबतीत जन्मतारीख बऱ्याचदा अंदाजानं ठरवलेली असते, दात वगैरे बघून, पण कागदावर जी तारीख आहे तीच खरी धरून चालायचं, "दिसायला तर दीड वर्षाचाच वाटतो हो" असं तिथं सांगून काही उपयोग नाही.

लोक विचारतात की इथं मिरजेत हातावर टोचून टीबीची टेस्ट करून नेली तर? ती मॉन्टू टेस्ट. आपल्याकडं जन्मल्या जन्मल्या टीबीची लस बीसीजी देतात, दंडावरचा तो व्रण, आणि बीसीजी घेतलेल्या मुलाच्या हातावर मॉन्टूची गाठ टीबी नसतानाही उठू शकते. इग्रात तसं होत नाही. त्यात मुलाचं रक्त टीबीच्या जंतूमधल्या अशा प्रथिनांसोबत ठेवतात जी बीसीजीच्या लसीत नसतातच, आणि रक्तातल्या पेशी ती ओळखून इंटरफेरॉन गॅमा सोडतात का ते मोजतात. पेशींनी ओळखलं तर खऱ्या टीबीच्या जंतूशी कधीतरी गाठ पडलेली आहे. म्हणूनच पॅनेल डॉक्टर इग्राच मागतात आणि ती त्यांच्या देखरेखीखालीच व्हावी लागते. बाहेरची करून नेऊन पैसे घालवू नका.

इग्राच्या आधी एक जपायचं. गोवर-रुबेलाची (एमआर) किंवा कांजिण्यांची लस नुकतीच दिलेली असेल तर या टेस्टवर परिणाम होऊ शकतो, जिवंत विषाणूच्या लसीनं काही दिवस ती प्रतिक्रिया दबते. त्यामुळं लस एकतर टेस्टच्या त्याच दिवशी किंवा टेस्ट झाल्यावर द्यायची, आधीच दिली असेल तर चार ते सहा आठवडे जाऊ द्यायचे. संस्थेतल्या सिस्टर लसीकरणात अगदी काटेकोर असतात, चांगलंच आहे ते, पण मुंबईची तारीख ठरली की त्यांच्या कानावर घाला, नाहीतर नेमकं आदल्या आठवड्यात एमआर टोचून मोकळ्या होतील. उपाशीपोटी न्यायची गरज नाही, उलट पोटभर खाऊन आणि भरपूर पाणी पिऊन गेलं की शीर सापडते. इग्राला तीन-चार छोट्या नळ्या भरायला लागतात, एका टोचण्यात भागलं तर बरं.

पॉझिटिव्ह आली तर? रडारड करू नका. आपल्याकडच्या मुलात इग्रा पॉझिटिव्ह येणं नवलाचं नाही. पुढं छातीचा एक्सरे काढतात, तो स्वच्छ असेल आणि काही लक्षण नसेल तर त्याला सुप्त टीबी म्हणतात, रिपोर्टवर बी-२ असं लिहून येतं आणि व्हिसा थांबत नाही, अमेरिकेत गेल्यावर तिथला डॉक्टर गोळ्यांचं बघतो. एक्सरेत काही दिसलं तर मात्र थुंकीचे तीन नमुने आणि कल्चर (त्यात टीबीचे जंतू वाढतात का बघणं), आणि कल्चरला सहा ते आठ आठवडे जातात. लहान मुलाला थुंकी काढता येत नाही, मग सकाळी उपाशीपोटी नाकातनं नळी घालून पोटातलं पाणी घेतात, बघवत नाही पण करतात. यात एक दिलासा आहे, दहा वर्षं किंवा त्याखालच्या मुलाचे पहिले स्मिअर (नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) निगेटिव्ह असतील, एक्सरेत मोठी जखम किंवा पोकळी नसेल, जोरदार कफाचा खोकला नसेल आणि औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या पेशंटशी संपर्क नसेल, तर कल्चर यायच्या आधी जाऊ देण्याची तरतूद नियमात आहे. ही तरतूद पॅनेल डॉक्टरला स्वतःहून आठवण करून द्या.

आणि खरोखरच टीबी निघाला तर आधी पूर्ण उपचार, मग व्हिसा. तिथं एक लक्षात ठेवायचं की व्हिसासाठीचा उपचार पॅनेलच्या देखरेखीखाली, रोजची गोळी समोर घेतलेली, असाच धरतात. टीबी आहे म्हटल्यावर गोळ्या लगेच चालू करायला हव्यात हे कुणालाही वाटणार आणि ते चूक नाही, पण गावाकडच्या दवाखान्यात परस्पर कोर्स चालू करण्याआधी पॅनेल डॉक्टरला फोन लावा, नाहीतर तो कोर्स व्हिसाच्या हिशोबात धरलाच जाणार नाही असं होऊ शकतं.

अजून एक, साधा सर्दी-खोकला असताना नेऊ नका. पावसाळ्यात संस्थेतली सगळीच पोरं शिंकत असतात, पण दोन वर्षांखालच्या बाळाला जे टीबीच्या टेस्टमधनं सूट मिळतंय ते खोकल्यामुळं उगाच जायचं. तारीख पुढं ढकलता येते. पण संस्थेत किंवा सांभाळणाऱ्या घरात कुणाला टीबी होता का असं विचारलं तर खरं सांगा, लपवाल तर ते त्या लेकराच्याच अंगावर येईल.

एचआयव्हीबद्दल पण विचारतात. ४ जानेवारी २०१० पासून अमेरिकेनं तो अडवणाऱ्या आजारांच्या यादीतनं काढलाय, व्हिसा मेडिकलमध्ये त्याची टेस्ट होत नाही. संस्थेनं आधी केलेली असते, तो रिपोर्ट वेगळा.

लसींचं काय

इथं मात्र दत्तक मुलांना चक्क सोय आहे आणि बऱ्याच जणांना ती माहीतच नसते. अमेरिकेत कायमचं राहायला जाणाऱ्याला त्यांच्या यादीप्रमाणं लसी घेतल्याचं दाखवावं लागतं. पण दहा वर्षांच्या किंवा त्याखालच्या दत्तक मुलांना यातनं सूट आहे, १९९७ मध्ये तिथल्या कायद्यात ही दुरुस्ती झाली. त्यासाठी आईनं किंवा वडिलांनी डीएस-१९८१ हा फॉर्म शपथेवर भरून द्यायचा, की अमेरिकेत पोचल्यापासून ३० दिवसांत, किंवा डॉक्टरी दृष्टीनं योग्य होईल तेव्हा लगेच, आम्ही राहिलेल्या लसी देऊ. ते दोघं तिकडं असतील तर तिकडच्या नोटरीपुढं सही करून कागद आधी मागवून घ्या आणि मेडिकलला जाताना फाईलीत सगळ्यात वर ठेवा. नसेल तर क्लिनिकवाले नियमानं लसी द्यायला बसतात आणि एका दिवसात पोराला चार-पाच सुया टोचल्या जातात. दहा वर्षांहून मोठ्या मुलाला ही सवलत नाही, त्याच्या वयाप्रमाणं ज्या लागतील त्या द्याव्याच लागतात.

सूट आहे म्हणून इथल्या लसी बंद करू नका हां. सरकारी वेळापत्रकाप्रमाणं चालू राहू द्या, फक्त इग्राची तारीख सांभाळा. तिकडं गेल्यावर काही लसी परत द्याव्या लागतील हे गृहीत धरा, कारण आपल्या सरकारी यादीत एमआर आहे, म्हणजे गोवर आणि रुबेला, गालगुंड नाही, कांजिण्यापण नाही. शिवाय पोलिओचे थेंब. एप्रिल २०१६ पासून आपल्याकडं थेंबात तीनऐवजी दोनच प्रकारचे विषाणू असतात, त्यामुळं त्यानंतरचे थेंब अमेरिकन डॉक्टर मोजत नाहीत. आईवडील तिकडं डॉक्टरकडं गेले आणि "पोलिओ अपूर्ण" ऐकलं की संस्थेनं काहीच दिलं नाही असं त्यांना वाटतं. तसं नसतंय.

लसीच्या कार्डाबद्दल एक बारीक पण फार कामाची गोष्ट. आपण ५/३ लिहितो म्हणजे पाच मार्च, अमेरिकन माणूस ते तीन मे वाचतो. दोन डोसमधलं अंतर त्यामुळं गडबडतं आणि बरोबर दिलेला डोस बाद होतो. संस्थेच्या डॉक्टरांकडनं एका कागदावर सगळ्या तारखा महिन्याचं नाव अक्षरात टाकून लिहून घ्या, सही-शिक्क्यासकट. माता-बाल संरक्षण कार्ड म्हणजे ते गुलाबी-बिलाबी कार्ड मूळ न्यायचंच, पण हा कागद सोबत असू द्या.

कागदांची फाईल

पासपोर्ट आणि त्याच्या झेरॉक्सा. एम्बसीचं अपॉइंटमेंट लेटर किंवा केस नंबर असलेला कागद. पांढऱ्या बॅकग्राऊंडचे दोन बाय दोन इंची फोटो, इथल्या स्टुडिओत "अमेरिका व्हिसा" म्हटलं की काढून देतात, बाळाचे डोळे उघडे पाहिजेत एवढं बघा. दत्तकाचा आदेश. काराच्या पोर्टलवर चढवलेला मुलाचा मेडिकल एक्झामिनेशन रिपोर्ट आणि चाईल्ड स्टडी रिपोर्ट. सिव्हिलमध्ये किंवा बाहेर कधी अॅडमिट केलं असेल तर डिस्चार्ज कार्ड. चष्मा, इनहेलर, फिट्सच्या गोळ्या, काही चालू असेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीसकट औषधाचं नाव आणि डोस. वजन-उंचीचा चार्ट असेल तर फार चांगलं, त्यावरनं मूल वाढतंय की नाही हे एका नजरेत कळतं.

नावाचा घोळ सगळ्यात जास्त त्रास देतो. संस्थेनं ठेवलेलं नाव एक, जुन्या कार्डावर नुसतं "बेबी", आणि पासपोर्टवर आईवडिलांनी ठेवलेलं नवीन नाव-आडनाव. क्लिनिकमधली बाई विचारणार की हे रिपोर्ट याच मुलाचे कशावरून. म्हणून संस्थेच्या लेटरहेडवर एक पत्र घ्या की अमुक नावाचं मूल म्हणजेच तमुक, जन्मतारीख ही, फोटो हा. मी नेलं होतं आणि ते पहिल्या खिडकीवरच मागितलं.

आईवडील भारतात आलेले नसतील आणि संस्थेची ताई मुलाला घेऊन जाणार असेल, तर तिच्याकडं संस्थेचं अधिकारपत्र आणि तिचं ओळखपत्र हवं. मुलाला नेणं-आणणं ही संस्थेची जबाबदारी असते, नातेवाईक म्हणून तुम्ही सोबत जाल पण मूल परस्पर ताब्यात मागू नका. आणि प्लीज, मेडिकलच्या दिवशीचे फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली अशा मुलांची ओळख उघड करण्यावर बंदी आहे. आत्याबाईंना दाखवायचंच असेल तर मोबाईल हातात देऊन दाखवा.

जायचं कसं

सांगली-मिरज-कराड-सातारा सगळ्यांना महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची, रात्री बसलं की सकाळी सीएसएमटी, मूल झोपेत प्रवास करतं. सातारकरांनी एवढं लक्षात ठेवा की स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे, रात्री रिक्षाचं आधी ठरवून ठेवा. ट्रॅव्हल्सनं गेलात तर दादर-सायनला पहाटे उतरवतात आणि मग क्लिनिक उघडेपर्यंत बाळाला घेऊन कुठं बसायचं हा प्रश्न असतो, म्हणून मला रेल्वे बरी वाटते. घाटात उलटी करणारं पोर असेल तर खंबाटकी-खंडाळ्याचा रस्ता टाळलेला चांगलाच. आदल्या दिवशी जाऊन कुणा नातेवाईकाकडं मुक्काम केला तर अजून उत्तम, सकाळी मूल ताजंतवानं असतंय. दिल्लीला मिरजेतनं गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला जाते, पण लहान मुलाला एवढा वेळ डब्यात खेळवायची ताकद असेल तरच, नाहीतर पुण्यातनं विमान.

क्लिनिकमध्ये प्रत्यक्ष काय होतंय ते सांगते. वजन, उंची, लहान बाळाच्या डोक्याचा घेर. मग डॉक्टर कपडे काढून डोक्यापासनं पायापर्यंत बघतात, छाती, पोट, कान, त्वचा. त्यामुळं सहज निघणारे कपडे घाला, दहा बटणांचा झबला नको. एक्सरे लागणार असेल तर गळ्यातला ताईत, काळ्या दोऱ्यातला लॉकेट, चांदीची साखळी घरीच काढून ठेवा, एक्सरेत ते छातीवर पांढरं उमटतं आणि फिल्म परत काढावी लागते. मोठं मूल असेल, चार-पाच वर्षांचं, तर सुई टोचणार आहेत हे आदल्या दिवशी सरळ सांगा. "काही नाही होत, नुसतं बघणारेत" म्हणून नेलं तर ते पोर पुढं कुणावरच विश्वास ठेवत नाही, आणि या मुलांचा तर आधीच बऱ्याच वेळा विश्वास मोडलेला असतो.

डॉक्टर विचारणार: आईला गरोदरपणी काही आजार, घरात कुणाला मिरगी, जन्माचं वजन. माहीत नसेल तर माहीत नाही असंच सांगा. चांगलं दिसावं म्हणून अंदाजानं भरू नका.

आणि पाठीवरचे निळे डाग! आपल्याकडच्या कितीतरी बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यावर जन्मतः निळसर-करडे डाग असतात, मोठेपणी जातात, आपण लक्षपण देत नाही. अमेरिकेत मात्र हे डाग माराचे वळ समजून पाळणाघरातले लोक घाबरतात, चौकशी मागं लागते. मेडिकलच्या वेळी डॉक्टरला दाखवा आणि हे जन्मतःचे डाग आहेत असं रिपोर्टमध्ये लिहायला सांगा. नाही लिहिलं तर इथल्या बालरोगतज्ज्ञाकडनं वेगळं लिहून घ्या. जुनी भाजल्याची, टाक्यांची खूण असेल तर तीपण.

रिपोर्ट झाला की काही ठिकाणी थेट सिस्टीममधनं पाठवतात, काही ठिकाणी बंद पाकीट देतात. पाकीट मिळालं तर ते फोडायचं नाही, कितीही उत्सुकता असली तरी. एक्सरेची फिल्म किंवा सीडी दिली तर ती हँडबॅगमध्ये, चेक-इन सामानात नको. फी व्हिसाच्या फीत धरलेली नसते, क्लिनिकमध्ये वेगळी भरायची, किती आणि कार्ड चालतं का हे फोनवरच विचारून घ्या.

रिपोर्टवर क्लास ए आणि क्लास बी असे शब्द दिसतील. क्लास ए म्हणजे अडवणारा प्रकार, उदाहरणार्थ पसरू शकणारा चालू टीबी. क्लास बी म्हणजे लक्ष द्यावं लागेल असं काहीतरी आहे, पण अडवत नाही. हृदयाला छिद्र, फाटलेला ओठ, एक पाय अधू, कमी ऐकू येणं, हे बहुतेक सगळं बी मध्ये जातं. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या आईवडिलांना याची फार भीती असते, ती ठेवू नका. फक्त मेडिकलमध्ये असं काही नवीन निघालं जे संस्थेच्या रिपोर्टमध्ये नव्हतं, तर आईवडिलांना हे माहीत आहे आणि तरी ते तयार आहेत याची खात्री व्हिसा ऑफिसर करून घेऊ शकतात. म्हणून होकार देण्याआधीच, मुलाचे रिपोर्ट आले की, ते तिकडच्या एखाद्या बालरोगतज्ज्ञाला दाखवा आणि शंका असेल तर संस्थेमार्फत इथं हृदयाची इको किंवा ऐकण्याची तपासणी करून घ्या. मिरजेतल्या हॉस्पिटलांचा उपयोग खरा इथं आहे. काहीतरी निघेल अशी ज्यांना धाकधूक आहे त्यांनी व्हिसा मेडिकलची वाट बघत बसूच नये.

बाकीच्या देशांचं थोडक्यात. कॅनडाला पण त्यांचा स्वतःचा पॅनेल डॉक्टर, अमेरिकेचा रिपोर्ट तिथं चालत नाही, आणि एक्सरे साधारण अकरा वर्षांपासून पुढं. ऑस्ट्रेलियाला आधी हॅप आयडी (मेडिकलसाठीचा ओळख नंबर) काढावा लागतो मग अपॉइंटमेंट, आणि आपल्यासारख्या देशातल्या दोन ते दहा वर्षांच्या मुलांना टीबीची टेस्ट असते. यूकेला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर त्यांनी मान्य केलेल्या क्लिनिकचं टीबी सर्टिफिकेट, अकरा वर्षांखालच्यांना एक्सरे नसतो.

तिकडं पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत मुलाला बालरोगतज्ज्ञाकडं न्यायला सांगा आणि तिथं खरी सविस्तर तपासणी होऊ द्या: हिमोग्लोबिन, कावीळ बी, जंतांसाठी शौचाची तपासणी, डोळे, कान, दात, आणि रक्तातलं शिसं. शिसं कशाला असं आपल्याला वाटतं, पण काही काजळ-सुरम्यात, भेसळीच्या हळदीत, जुन्या रंगात ते असतंय, आणि काजळ तर आपण कौतुकानं घालतो. टीबीची टेस्ट निगेटिव्ह असली तरी तीन ते सहा महिन्यांनी परत करायची असते, कारण निघायच्या आधीच्या दिवसांत संसर्ग झालेला असेल तर तो पहिल्या टेस्टमध्ये दिसत नाही. त्या अपॉइंटमेंटला इथल्या फाईलीची पूर्ण झेरॉक्स आणि अक्षरात तारखा लिहिलेला लसींचा तो कागद न्यायला सांगा.